मागच्या तारखेचं मेडिकेअर

१२ जुलै २०२१, वेस्टमीड

लीनाला काडीची अक्कल नाही हे मला तीस वर्षं माहीत आहे. आज तिने पुरावाच पाठवला.

ती माझी कॅलिफोर्नियातली मैत्रीण, तिथल्या माझ्या फ्रीमाँटच्या घराची किल्ली तिच्याकडे असते. पेटीतलं टपाल काढायचं, महत्त्वाचं असेल तर फोटो काढून पाठवायचा, एवढंच काम. आज व्हॉट्सॲपवर फोटो आला: माझं मेडिकेअरचं, म्हणजे अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड. "अगं सुखदा, जाहिरातींच्या गठ्ठ्यात अडकून पडलं होतं बघ! सॉरी हं!" आणि पुढे तीन हसरे चेहरे. कार्ड येऊन सहा-सात महिने झालेत.

कार्डावर तारीख आहे मे २०२०. मी अर्ज केला होता गेल्या नोव्हेंबरमध्ये. आधी वाटलं सरकारी घोळ असेल. मग त्यांच्याच साइटवर वाचलं. पासष्टी उलटल्यावर अर्ज केला तर हे लोक मेडिकेअर सहा महिने मागच्या तारखेपासून सुरू करतात. उपकार म्हणून!

तो उपकार माझ्या मुळावर आला आहे. माझं एचएसए आहे, म्हणजे आरोग्य बचत खातं. दर पगारातून टॅक्स न कापता त्यात पैसे जातात आणि पुढे औषधपाण्याला वापरायचे असतात. अट एकच. मेडिकेअर सुरू झालं की त्या खात्यात एक डॉलरही टाकायचा नाही. म्हणजे गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून माझ्या पगारातून तिथे गेलेला प्रत्येक डॉलर जास्तीचा, नियमाबाहेरचा. काढून घेतला नाही तर दर वर्षी सहा टक्के दंड.

आणि मेडिकेअरचा अर्ज कर म्हणून मागे कोण लागलं होतं? हीच. "पार्ट ए, तो हॉस्पिटलचा भाग, फुकट असतो गं, नुसतं बटण दाबायचं." आपल्या माणसांना फुकट म्हटलं की पुढचं काही ऐकू येत नाही. मी आयुष्यात कधी हॉटेलातली साबणाची वडी पिशवीत टाकली नाही, आणि मी त्या बयेचं ऐकलं. कपाळ माझं.

१३ जुलै

दुरुस्ती तशी सोपी आहे. बँकेला कळवायचं की एवढे पैसे चुकून जास्त गेलेत, त्यावरच्या कमाईसकट परत द्या. गेल्या वर्षीचे पैसे पंधरा ऑक्टोबरच्या आत काढले तर दंड नाही. आणि एचआरला कळवायचं की पगारातली कपात थांबवा.

इथेच माशी शिंकते. हल्ली एचआर काहीही करण्याआधी विचारते, तुम्ही सध्या कुठून काम करता?

मी सिडनीतून काम करते. धाकट्या भावाच्या घरातल्या मागच्या खोलीतून. फेब्रुवारी २०२०मध्ये रविंद्रच्या साठीला म्हणून चार आठवड्यांसाठी आले आणि जग बंद पडलं. कंपनीने सगळ्यांना ईमेल पाठवला होता, आपण घरून काम करत आहात ना? मी हो लिहिलं. कुणाच्या घरून, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची अक्कल नसेल तर तो माझा दोष नाही.

पण आता विचारतील. आणि न सांगता दुसऱ्या देशातून काम केलं की कंपनी त्याच दिवशी नारळ देते, हे तिथल्या रिसेप्शनिस्टलाही ठाऊक आहे. सहासष्टाव्या वर्षी मला दुसरी नोकरी कोण देणार? नोकरी गेली की मी कोण? भावाच्या घरी मागच्या खोलीत राहणारी विधवा बहीण. आमच्या लहानपणी अशी एक बाई प्रत्येक घरात असायची. ती लसूण सोलायची आणि कुणी बोलावलं तरच बोलायची. मी नाही सोलणार.

२० जुलै

माझ्या साहेबाचं नाव टायलर. वय चौतीस, दाढी आहे, अक्कल बेताची. कंपनी हॉस्पिटलांसाठी सलाइनचे पंप बनवते आणि त्या पंपांच्या माहितीपत्रकांतल्या चुका मी शोधते. एकवीस वर्षं हेच करतेय. टायलर चार वर्षांपूर्वी आला आणि माझा साहेब झाला.

हा इसम आपल्या टीमची एकही मीटिंग सकाळी ठेवत नाही. सगळ्या कॅलिफोर्नियाच्या दुपारी एकनंतर. बाकीच्या टीम साडेआठला हजर असतात, आमचे महाराज जेवून ढेकर देऊन मग येतात. माझ्या पथ्यावर पडतं हे खरं, कारण तिकडची दुपार म्हणजे इकडची पहाट, सहाला मी तोंड धुऊन तयार असते. पण आळस तो आळस. याच्या वयात मी सकाळी सातला ऑफिसात असायचे.

भोळाही इतका की सांगाल ते पटतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी तापाने आडवी झाले होते, तीन दिवस कंपनीतून गायब. चौथ्या दिवशी म्हटलं, इंटरनेट बंद होतं. "नो प्रॉब्लेम, सुखदा, तू बरी आहेस ना?" इंटरनेट बंद असलेल्या बाईला बरी आहेस का विचारतो! असा माणूस माझा साहेब.

आज मीटिंगमध्ये खिडकीबाहेर कोकाटू पोपटांचं टोळकं किंचाळायला लागलं. मी झटकन आवाज बंद केला. टायलर हसत होता. त्याला कशाचंही हसू येतं.

२४ जुलै

लॉकडाऊनचा महिना होत आला. अकरा वाजले की रविंद्र टीव्हीसमोर बसतो, आज किती सापडले ते ऐकायला, जणू क्रिकेटचा स्कोअर आहे. मग मला येऊन सांगतो. मी विचारलेलं नसतं.

या घराबद्दल एकदा लिहूनच टाकते. रविंद्र माझा भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालाय. या थंडीत पहाटे साडेपाचला कानटोपी घालून फिरायला जातो तो आठशिवाय येत नाही. लाल नाक घेऊन परत येतो. म्हाताऱ्याला वेड लागलंय. आधी सकाळी घरात रेडिओ लावून बसायचा, ते बरं होतं असं नाही, पण निदान घरात असायचा.

त्याचा मुलगा ओजस. पॅरामॅटाच्या एका बँकेचं आयटीचं काम करतो, ते हल्ली घरूनच. घर सोडून हा गॅरेजमध्ये बसतो. गाडीच्या शेजारी टेबल, पायाशी हीटर, अंगावर ब्लँकेट. मी म्हटलं, "अरे, माणसासारखा घरात बस की." तर म्हणतो, "ऑल गुड, आत्या. इट्स माय ऑफिस." आजकालच्या पोरांना गुहेतच बरं वाटतं.

आणि नीला, आमची भावजय. पॅथॉलॉजीत रक्त काढायची, आता कोविड टेस्टिंगच्या रांगेत गाड्यांच्या खिडक्यांतून लोकांच्या नाकात काड्या घालते. तिला त्याचा काय तो अभिमान. परत आली की गॅरेजमध्येच कपडे बदलते आणि तासभर अंघोळ करते. स्वयंपाक फक्त संध्याकाळी. सकाळी गॅस पेटवणार नाही, भांडं वाजवणार नाही. आदल्या दिवशीचे पोहे मायक्रोवेव्हमध्ये, तेही तो टुंई वाजायच्या आत दार उघडून बाहेर काढते. माझ्या आईच्या घरात सकाळी शिळं कुणी खाल्लं नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं. म्हणाली, "हो ना, ताई, आळशीच झालेय मी." निदान कबूल करते.

३ ऑगस्ट

बँकेला फोन केला. अर्धा तास संगीत ऐकवल्यावर एक पोरगा आला. त्याला एचएसएचं पूर्ण रूप तरी माहीत होतं की नाही शंकाच आहे. मी त्याला नियम सांगितला, त्याने कुणाला तरी विचारलं, परत येऊन तोच नियम मला सांगितला.

गेल्या वर्षीचं ते काढून देतील. पण त्याआधी या वर्षीची कपात थांबली पाहिजे, नाहीतर एकीकडून उपसायचं आणि दुसरीकडून भरत राहायचं. आणि कपात थांबवायची ती कंपनीनेच. फिरून तिथेच आले.

खरं म्हणजे काही न करणंही शक्य आहे. दंड भरत राहायचा. रक्कम अशी आहे की माझा जीव जाणार नाही. पण एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांतला एक स्वल्पविराम सोडलेला नाही. माझ्याच नावावर एक चूक दर वर्षी वाढत जाणार आणि मी तिला दाणापाणी घालणार? आज ताटातली भाजी तशीच टाकली. नीलाने विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, भाजीत मीठ जास्त आहे. नव्हतं.

११ ऑगस्ट

आज कंपनीत बातमी. टेस्टिंग टीममधल्या संजीवला काढलं. गेले पाच महिने तो नागपुरातून काम करत होता, आणि सगळ्यांना सांगत होता सॅन होजेत आहे. कसा पकडला गेला? मीटिंग चालू असताना मागे कुकरच्या शिट्ट्या आणि भांडी घासायचा आवाज. आणि कुणी तरी ओरडलं, भाजीवाला आलाय. मूर्ख! आईवडील आजारी होते म्हणे. अरे, मग घरातल्यांना दोन तास गप्प बसवता येत नाही? माझ्याकडे बघा. दीड वर्ष होत आलं, एक चमचा पडल्याचा आवाज गेला नाही.

एचआरने मग सगळ्यांना मोठा ईमेल पाठवला. कामाचं ठिकाण लपवणं म्हणजे विश्वासघात, वगैरे. दोनदा वाचला. चहा करून घ्यावा म्हटलं तर स्वयंपाकघरात नीला पावलं न वाजवता, मोजे घालून फिरत होती. फरशीवर नुसते मोजे घालून! पडेल एक दिवस.

१२ ऑगस्ट

एचआरला ईमेल लिहिला. पाठवला नाही.

२२ ऑगस्ट

आता कर्फ्यूही लागणार. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री बाहेर पडायचं नाही, आणि वर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय. आमच्या भागातच सगळे नियम, समुद्राकाठचे लोक वाळूत लोळताहेत. रविंद्र म्हणतो, "काय करणार, ताई, नो वरीज." पस्तीस वर्षांत या देशाने त्याला एवढे दोनच शब्द शिकवले.

आज दुपारी चहा घेऊन खोलीत आला. इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला, "ताई, तू आता इथेच का राहत नाहीस? तिकडे कोण आहे तुझं?"

मी म्हटलं, "माझी नोकरी आहे. माझं घर आहे."

"घर बंद आहे गं."

"उघडता येतं."

"मग उघडायला गेली का नाहीस? विमानं तर आहेत. तुम्हा अमेरिकनांना जायला कोण अडवतंय?"

असं बोलतो! मी त्याला सांगितलं, आधी तिकडे माणसं किड्यामुंगीसारखी मरत होती. मग लस नव्हती. मग तिकिटं डोळे पांढरे करणारी. आता हा नवा अवतार आलाय. आणि एकदा इथून बाहेर पडले की परत यायला दार उघडं असेल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि कप घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, "मी आपलं विचारलं."

विचारायला काय जातं! दया दाखवायची आणि वर आपण मोठे. मला कुणाचा आसरा नको आहे. म्हणून तर ही नोकरी टिकली पाहिजे. नोकरी आहे तोवर मी इथे पाहुणी आहे, कधीही जाऊ शकणारी. ती गेली की मी इथे ठेवलेली बाई.

१० सप्टेंबर

गणपती. इथल्या मराठी मंडळाने झूमवर आरती ठेवली होती. साठ घरं, प्रत्येकाची टाळी वेगळ्या क्षणाला. पॅरामॅटाचे एक गृहस्थ माइक बंद करायला विसरले आणि सगळ्यांना त्यांच्या घरातलं "प्रसाद आधी त्याला नको देऊ" ऐकू आलं. अध्यक्षीणबाईंचं भाषण तर विचारूच नका. रविंद्र मात्र डोळे मिटून तल्लीन.

नीलाची ड्यूटी होती. ती आरती संपल्यावर आली. तोंडावर मास्कचे वळ, नाकाच्या दोन्ही बाजूंना सोलवटलेलं. तशीच मूर्तीपुढे उभी राहिली, दोन मिनिटं, आणि मग मला म्हणाली, "ताई, तुमचं काही तरी बिघडलंय. महिनाभर बघतेय. मला सांगू नका हवं तर, पण एकदाचं मिटवून टाका."

हिला काय कळतं यातलं! इंग्रजीत फोन करायचा तर आधी ओठांतल्या ओठांत पाठ करते.

पण बोलली ते मला लागलं. मिटवून टाकायचंय. पंधरा ऑक्टोबर समोर आहे. दंड वाढतोय म्हणून नाही, चूक आहे म्हणून. एचआरला ईमेल केला: बोलायचं आहे. सगळं सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली. निदान काढून टाकताना म्हणतील की बाई स्वतःहून आली, कुकरच्या शिट्टीने पकडली गेली नाही.

१६ सप्टेंबर

आज सकाळी सहाला एचआरची बेनिफिट्सवाली बाई व्हिडिओवर आली. मी चांगली साडी नेसले होते. का ते माहीत नाही. मीटिंगमध्ये स्क्रीनवर माझ्या मागे दिसतं ते खोटं पुस्तकांचं कपाट काढून टाकलं होतं. म्हटलं बघ, ही खरी भिंत.

आधी एचएसएचं सांगितलं. मेडिकेअर मागच्या तारखेने लागलं, एवढे महिने जास्तीचे गेले. ती म्हणाली, "ओह, हे हल्ली खूप जणांचं होतं." चार मिनिटांत तिने कपात बंद केली. बँकेला पाठवायचं ते पत्र तिथल्या तिथे तयार केलं. दोन महिने माझी झोप उडाली होती, आणि काम चार मिनिटांचं.

मग मी श्वास घेतला आणि म्हटलं, "आणखी एक सांगायचंय. मी कॅलिफोर्नियात नाही. मी सिडनीत आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून."

ती स्क्रीनवर काही तरी बघत होती. म्हणाली, "हो, ते आहे इथे."

"काय आहे?"

"तुमची परवानगी. टायलरने गेल्या वर्षी एप्रिलमध्येच मंजूर करून घेतली. आणि नंतर दोनदा वाढवून घेतली. तुमच्या सिस्टर-इन-लॉने कळवल्यावर."

मला वाटलं ती दुसऱ्या कुणाची फाइल बघतेय. मी म्हटलं, मग संजीवला का काढलंत? ती म्हणाली, "त्याने सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत."

मी सांगितलं! शेवटी ती म्हणाली, ही सवलत डिसेंबरअखेर संपतेय, नव्या वर्षापासून अमेरिकेत येऊनच काम करावं लागेल, नाहीतर निवृत्ती. "पण त्याला वेळ आहे, टेक केअर!" आणि गेली.

टायलरला फोन लावला. हसला. म्हणे, "तू तापात होतीस तेव्हा नीलाने ऑफिसच्या नंबरावर फोन केला. कुणी उचलेना, तर चार वेळा केला. मला म्हणाली, तिला कामावरून काढू नका आणि मी फोन केला हे तिला सांगू नका. आणि जमलं तर तिला मध्यरात्री उठवू नका, ती म्हातारी आहे."

म्हणून मीटिंगा दुपारच्या.

म्हातारी आहे म्हणाली!

१७ सप्टेंबर

काल दिवसभर खोलीतून बाहेर आले नाही. आज ती ड्यूटीवरून आली, अंघोळ झाली, केस पुसत होती, तिथेच गाठलं. मनात अख्खं भाषण तयार होतं.

"टायलरला फोन तू केलास?"

तिने टॉवेल खाली ठेवला. "हो."

"मला न विचारता?"

"तुम्ही शुद्धीवर नव्हता, ताई. कोविडच असेल म्हणून मी घाबरलेले. आणि तुम्ही आपल्या बडबडताय, मीटिंग आहे, मीटिंग आहे. म्हटलं, हिची नोकरी गेली तर ही तापातून उठली तरी मरेल."

"मग नंतर तरी सांगायचंस! दीड वर्ष मी चोरासारखी बसलेय त्या खोलीत. प्रत्येक आवाजाला दचकतेय."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी राजीनामा दिला असता. तुम्हाला कुणाकडून काही घ्यायला आवडत नाही. मला माहीत नाही का?" मग तिने टॉवेल उचलून घडी घातली. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी आणेल, सोज्वळपणा करेल. तर म्हणाली, "आणि खरं सांगू? नोकरी गेली असती तर तुम्ही दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात असता. मीठ जास्त, पोहे शिळे, नीलाला हे येत नाही, नीलाला ते येत नाही. मी आठ तास गाडीतल्या लोकांच्या शिव्या खाऊन येते. घरी येऊन परत तेच नसतं झेपलं मला. तुम्ही सकाळभर कामात असता तेवढं मला बरं होतं. म्हणून सगळ्यांना सांगितलं, ह्यांना, ओजसला, सकाळी आवाज करायचा नाही. ताईंची नोकरी टिकली पाहिजे."

माझ्या तोंडावर असं आजवर कुणी बोललेलं नाही. हे जिवंत होते तेव्हा ह्यांनीही नाही.

एवढ्यात ओजस गॅरेजमधून डोकावला. "सो, इज इट आउट नाऊ? आत्याला कळलं?" नीलाने डोळे वटारले. तो म्हणाला, "मग मला माझी रूम परत मिळेल का? इट्स फ्रीझिंग इन हिअर."

त्याची रूम. मागची खोली त्याची आहे. भिंतीवर त्याच्या क्रिकेटची मेडल्स आहेत, मी त्यांच्यावर माझी शाल टाकते. दीड वर्षात मला एकदाही वाटलं नाही की ही खोली आधी कुणाची तरी असेल.

४ ऑक्टोबर

बँकेचा निरोप आला. गेल्या वर्षीचे जास्तीचे पैसे, कमाईसकट, परत आले. या वर्षीचेही निघतील. चूक दुरुस्त. लीनाने अंगठा वर केलेला फोटो पाठवला. तिला उत्तर दिलं नाही.

टायलरने विचारलंय, जानेवारीत येतेस की थांबतेस? आठवडाभरात कळव, कारण तुझ्या जागी माणूस बघायला हवा. तुझ्यासारखं कुणी मिळणार नाही, असंही म्हणाला. मला ते खोटं वाटलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच.

एचआरच्या बाईने सांगितल्यापासून विचारच करतेय. फ्रीमाँटच्या घरात हे गेल्यापासून मी एकटी जेवते, टीव्ही लावून. इथे रोज कुणी ना कुणी "ताई, जेवायला" म्हणून हाक मारतं, आणि मी रोज त्या हाकेवर चिडते. विमान, लस, तिकीट, सगळी कारणं मी रविंद्रला सांगितली ती खरी होती, आणि एकही खरं नव्हतं. मला जायचं नाही.

रविंद्रला विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. त्याने तर चहा घेऊन येऊन विचारलंच होतं. पण त्याच्या हो म्हणण्याने काय होतंय? या घरात रोज माझं सोसायचं ते नीलाने.

म्हणून आज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आत गेले नाही. ती कांदा चिरत होती. गेले दोन-अडीच आठवडे आम्ही दोघी कामापुरतंच बोलतोय, तेही नीट, जपून.

म्हटलं, "नीला, मी नोकरी सोडून इथेच राहिले तर चालेल का?"

तिने सुरी थांबवली. "ह्यांना विचारलंत?"

"नाही. तुला विचारतेय."

"कायमचं?"

"हो. व्हिसाचं काय करायचं ते बघता येईल. तू काय म्हणतेस ते आधी."

तिने गॅस बारीक केला. माझ्याकडे बघितलं नाही. परत कांदा चिरायला लागली. मी तिथे दारात उभी, चौकटीला धरून. एचआरच्या बाईसमोरही मी कशाला धरलं नव्हतं. काही तरी बोलून टाकावं, चेष्टा करत होते म्हणावं, असं दहादा ओठांवर आलं आणि दहादा गिळलं.

शेवटी ती म्हणाली, "ताई, मला दोन दिवस द्या. मला विचार करायला हवा."

"घे," म्हटलं, आणि खोलीत आले.

तिच्या जागी मी असते तर तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं.